हातात सनद आहे, आता पुढे काय? पूर्णेच्या फारिग मुलांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी

शाबान महिना संपत आला की पूर्णा जंक्शनवर पेट्या आणि वळकट्या घेतलेली मुलं उतरताना दिसतात. कोणी हैदराबादहून येतं, कोणी अक्कलकुव्याहून, कोणी देवबंद-सहारनपूरकडून. मदरशाची सालाना परीक्षा झालेली असते, रमजानची सुट्टी लागलेली असते. त्यातली दोन-चार मुलं त्या वर्षी हाफिज किंवा आलिम होऊन, म्हणजे आपल्या भाषेत 'फारिग' होऊन आलेली असतात. मोहल्ल्यात जलसा होतो, दस्तारबंदीचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, अम्मीच्या डोळ्यांत पाणी येतं. मग रमजान जातो, ईद होते आणि ईदनंतर पंधरा दिवसांत घरात तो प्रश्न येतोच: बेटा, आता पुढे काय?

हा प्रश्न पूर्वीही होता. पण गेल्या काही वर्षांत तो जास्त टोचू लागला आहे. आसाममध्ये सरकारी मदरशांच्या साध्या शाळा झाल्या. उत्तराखंडने मदरसा बोर्डच बंद करण्याचा कायदा २०२५ मध्ये केला. उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्यात 'कामिल' आणि 'फाजिल' या पदव्या गेल्या. टीव्हीवर एक सांगतात, व्हॉट्सॲपवर दुसरंच येतं आणि घरातली माणसं घाबरतात. 'आमच्या पोराची सनद रद्द झाली का?' असं विचारणारे पालक आपल्या तालुक्यातही आहेत.

म्हणून या लेखात आपण हा विषय शांतपणे समजून घेऊ या. सनद म्हणजे काय, पदवी म्हणजे काय, न्यायालयाने नेमकं काय म्हटलं, महाराष्ट्रात काय लागू होतं, आणि पूर्णेत राहून आपल्या मुलाला काय करता येईल.

सनद आणि पदवी: दोन वेगळे कागद

आपल्याकडच्या बहुतेक मदरशांत दर्स-ए-निजामी शिकवला जातो. लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात हा अभ्यासक्रम बसवला, म्हणून त्याला हे नाव पडलं. अरबी व्याकरण, फिकह, तफसीर, मंतिक असं करत करत मुलगा शेवटच्या वर्षी दौरा-ए-हदीसला येतो. सहीह बुखारीचा शेवटचा सबक होतो आणि त्याला सनद मिळते. सात-आठ वर्षांची ही मेहनत असते. हिफ्ज आधी केलं असेल तर दोन-तीन वर्षं आणखी.

सनदेचा मूळ अर्थ शिक्षकाने दिलेली ग्वाही असा आहे. या मुलाने आमच्याकडे अमुक किताबं वाचली, आता तो शिकवू शकतो, असं उस्ताद सांगतो. त्या उस्तादाला त्याच्या उस्तादाने हेच सांगितलेलं असतं. ही साखळी शेकडो वर्षांची आहे. ती कोणत्या सरकारने सुरू केलेली नाही आणि कोणत्या निकालाने तुटतही नाही. मशिदीत इमामत करायला, मदरशात शिकवायला, मसला सांगायला हीच सनद लागते.

पदवी ही वेगळी गोष्ट आहे. ती कायद्याची वस्तू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, १९५६चा कायदा आहे. त्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की पदवी फक्त कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था देऊ शकते. दुसऱ्या कोणाला तो अधिकार नाही. तहसील कार्यालय, बँक, पोलीस भरती, शिक्षक भरती, सगळीकडे हाच कागद चालतो.

इल्म कोणाचं जास्त, हा इथे सवालच नाही. दोन कागद दोन वेगळ्या दारांच्या चाव्या आहेत, एवढंच. अडचण तिथे होते जिथे आपण एका चावीने दुसरं दार उघडायला जातो.

५ नोव्हेंबर २०२४चा निकाल नेमका काय आहे

उत्तर प्रदेशात २००४चा मदरसा शिक्षण मंडळाचा कायदा आहे. त्या मंडळाच्या पायऱ्या अशा: मुन्शी-मौलवी म्हणजे दहावीच्या जागी, आलिम म्हणजे बारावीच्या जागी, कामिल म्हणजे बी.ए.च्या जागी आणि फाजिल म्हणजे एम.ए.च्या जागी. २२ मार्च २०२४ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने हा पूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवला. लाखो मुलांचं काय होणार, अशी परिस्थिती आली. ५ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

त्यानंतर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या पीठाने अंतिम निकाल दिला. त्याचे दोन भाग आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायला हवेत.

पहिला भाग: मदरसा कायदा वैध आहे. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क आहे आणि तिथल्या शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी राज्य नियम करू शकतं. उच्च न्यायालयाने कायदा मोडीत काढला ते बरोबर नव्हतं.

दुसरा भाग: कामिल आणि फाजिल या उच्च शिक्षणाच्या पदव्या हे मंडळ देऊ शकत नाही, कारण ते यूजीसी कायद्याच्या विरोधात जातं. तेवढाच भाग रद्द.

म्हणजे न्यायालयाने मदरसे बंद केले नाहीत आणि दीनी सनद 'बेकायदा' असंही म्हटलं नाही. राज्याचं मंडळ जो कागद बी.ए.-एम.ए.च्या जागी देत होतं, तो त्या जागी चालणार नाही, एवढं म्हटलं. पण ज्या पोरांनी दोन-दोन, तीन-तीन वर्षं कामिल-फाजिलच्या वर्गात घातली होती, त्यांच्यासाठी ही 'एवढीच' गोष्ट फार मोठी होती. नियम त्यांनी मोडला नव्हता. सरकारनेच उघडलेल्या वर्गात ते बसले होते.

महाराष्ट्रात काय लागू होतं

आपल्या राज्यात उत्तर प्रदेश किंवा बिहारसारखं कायद्याने बनलेलं मदरसा मंडळच नाही. इथले मदरसे ट्रस्ट चालवतात. त्यामुळे इथल्या सनदेला सरकारी समकक्षता मुळातच नव्हती. जे नव्हतंच, ते २०२४ मध्ये गेलं नाही. घाबरायचं कारण नाही, पण निवांत बसायचंही कारण नाही.

शिक्षण हक्क कायदा २०१२च्या दुरुस्तीनंतर मदरसे आणि वैदिक पाठशाळांना लागू होत नाही. दुसरीकडे २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने जाहीर केलं की जिथे गणित, विज्ञान, इंग्रजी, समाजशास्त्र शिकवत नाहीत त्या मदरशांना शाळा मानलं जाणार नाही आणि तिथल्या मुलांची गणती शाळाबाह्य मुलांत होईल. त्या वेळी खूप वाद झाला. पण सरकारच्या वहीत आपल्या मुलाची जागा कुठे आहे, ते त्या निमित्ताने सगळ्यांना कळलं.

सरकारची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनाही आहे, २०१३ पासून. जे मदरसे शालेय विषय शिकवायला तयार आहेत त्यांना शिक्षकांच्या मानधनासाठी आणि सोयींसाठी मदत मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या शिक्षकांचं मानधन वाढवलं: डी.एड. शिक्षकांचं ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचं ८ हजारांवरून १८ हजार. योजना घ्यायची की नाही, यावर मदरसे चालवणाऱ्यांत दोन मतं आहेत. सरकारी पैसा आला की सरकारी हातही येतो, अशी भीती काहींना वाटते. ती समजण्यासारखी आहे. पण योजना काय आहे हे निदान ट्रस्टींना माहीत असायला हवं.

उलथापालथ आपल्याला नवीन नाही

काळ बदलला, हुकूमत बदलली, कागदाची किंमत बदलली, हे आपल्या बुजुर्गांनी अनेकदा पाहिलं आहे.

१८५७ नंतर दिल्लीचे मदरसे उजाड झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८६६ मध्ये, देवबंदचं दारुल उलूम सुरू झालं. सरकारी मदतीशिवाय, लोकांच्या चंद्यावर. तिथला पहिला विद्यार्थी मानले गेलेले मौलाना महमूद हसन पुढे शेखुल हिंद झाले. इंग्रजांनी त्यांना माल्टा बेटावर कैदेत ठेवलं. सुटून आले तेव्हा असहकाराचं वादळ सुरू होतं आणि अलीगढच्या कॉलेजातली मुलं वर्ग सोडून बाहेर पडत होती. त्या मुलांसाठी २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाचा पाया घातला गेला तो याच आजारी, थकलेल्या आलिमाच्या हातून. महिन्याभरात त्यांचा इंतकाल झाला. मदरशातून फारिग झालेल्या माणसाने नव्या तालीमचं विद्यापीठ सुरू करून दिलं. दीनी आणि दुनियावी तालीम यांच्यात भिंत आहे असं म्हणणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा.

आपल्या जवळचं उदाहरण आणखी मोठं आहे. हैदराबादची जामिया निजामिया १८७०च्या दशकात ज्यांनी उभी केली, ते मौलाना अन्वारुल्लाह फारुकी आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचे. सहाव्या आणि सातव्या निजामाचे ते उस्ताद होते. निजामाच्या राज्यात उर्दू ही दफ्तराची भाषा होती. १९१८ मध्ये सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून शिकवत होतं. मदरशात उर्दू-फारसी-अरबी शिकलेल्या माणसाला कचेरीत, अदालतीत, शाळेत जागा होती. मराठवाड्यातली किती तरी घरं त्याच रोजीवर उभी राहिली.

सप्टेंबर १९४८ मध्ये हे सगळं बदललं. जुनी माणसं त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवसांत मराठवाड्यात मुस्लिम वस्त्यांवर काय गुजरलं, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली होती. तो अहवाल कितीतरी वर्षं लोकांसमोर आला नाही. जीव वाचले त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न होता. दफ्तराची भाषा बदलली. उस्मानियाचं माध्यम उर्दूवरून इंग्रजीवर गेलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि कारभार मराठीत आला. कालपर्यंत ज्या सनदेवर नोकरी मिळत होती, तीच सनद आता पेटीत राहिली. त्या माणसांचं इल्म एका रात्रीत कमी झालं नव्हतं. कागद वाचणारं दफ्तर बदललं होतं.

त्या वेळी जे तगले, ते बहुतेक दोन गोष्टी करून तगले: एक, जुनं इल्म सोडलं नाही, दोन, नव्या दफ्तराची भाषा आणि कागद लवकर मिळवला. पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावात ज्यांच्या घरात कोणी रेल्वेत चिकटलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अगदी अलीकडे, मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन लागलं तेव्हा शाबान नेमका सुरू होत होता. फारिग होणाऱ्या मुलांचं शेवटचं साल परीक्षा-जलशाविनाच संपल्यासारखं झालं. त्यातच तबलीगी मरकजवरून अशी हवा तापवली गेली की दाढी-टोपीवाल्या पोराला गावात शिरायची भीती वाटावी. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेलं असं दिसतं, या आशयाचं कडक निरीक्षण नोंदवलं. न्याय मिळाला, पण त्या वर्षी घरी आलेल्या मुलांची सुरुवात मात्र तशीच झाली.

दोन्ही कागद का हवेत

एक उदाहरण बघा. भारतीय सेनेत धर्मशिक्षकांची भरती होते. पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्याबरोबर मौलवीही घेतात. हे कामच दीनी आहे. तरी पात्रतेत काय मागतात? कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, आणि त्याशिवाय मौलवी-आलिमची किंवा उर्दूची ठरलेली पात्रता. म्हणजे जिथे मौलवीच हवा आहे, तिथेही फक्त सनद चालत नाही आणि फक्त बी.ए.ही चालत नाही. दोन्ही लागतात.

जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक व्हायचं तर बारावी, डी.एड. आणि टीईटी लागते. उर्दू-अरबीवर कितीही पकड असली तरी अर्ज तिथूनच सुरू होतो. युनानी डॉक्टर व्हायचं तर बीयूएमएस. मदरशाच्या मुलांसाठी त्यात प्री-तिब्बची वाट आहे, पण आता तिथेही नीटची परीक्षा आहे.

आणि वाट सापडते, याचेही दाखले आहेत. मुबारकपूरच्या अल-जामियतुल अशरफियात शिकलेले शाहिद रजा खान पुढे दिल्लीत जेएनयूमध्ये शिकले आणि २०१८च्या यूपीएससी परीक्षेत पास झाले. सगळ्यांनी यूपीएससीच करावी असं आमचं म्हणणं नाही. मदरशात घातलेली वर्षं वाया जात नाहीत, पाठांतराची, किताब घेऊन तासन् तास बसण्याची सवय पुढे कामाला येते, एवढंच.

पूर्णेत राहून काय करता येईल

पहिली वाट, दहावी. शाळा मधेच सुटलेल्या मुलाला राज्य मंडळाची दहावी खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते. यालाच आपण १७ नंबरचा फॉर्म म्हणतो. किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण, अशी साधारण अट असते. नेमक्या तारखा आणि अटी दरवर्षी मंडळाच्या पत्रकात बघाव्यात. अर्ज ऑनलाइन भरून ठरवून दिलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत कागद द्यावे लागतात. एक गोष्ट पूर्णेकरांनी लक्षात ठेवावी. नांदेड आपल्याला जवळ आहे, पण नांदेड जिल्हा लातूर विभागीय मंडळात येतो आणि परभणी जिल्हा औरंगाबाद मंडळात. नांदेडच्या ओळखीच्या माणसाने सांगितलेली माहिती आपल्याकडे जशीच्या तशी लागू होईलच असं नाही.

दुसरी वाट, मुक्त शाळा. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, दहावी आणि बारावी दोन्ही घेते. विषय आपण निवडायचे, उर्दू माध्यम घेता येतं, विषय एकेक करून काढता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास.

या दोहोंत निवड करताना हिजरी कॅलेंडर समोर ठेवा. मदरशाचं वर्ष शव्वालमध्ये सुरू होतं आणि शाबानमध्ये संपतं. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस पुढे येतं. २०२० मध्ये शाबान एप्रिलवर आला होता. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा चालू असतानाच २ मार्चला रमजान सुरू झाला. येत्या काही वर्षांत शाबान-रमजान जानेवारी-फेब्रुवारीवर येत आहेत. म्हणजे मदरशाची सालाना परीक्षा आणि मंडळाची परीक्षा अगदी पाठोपाठ. हाफिज मुलाला तर रात्री तरावीह पढवायची असते. अशा मुलाला फेब्रुवारी-मार्चपेक्षा ऑक्टोबरची परीक्षा सोपी जाईल. ज्याला मंडळाचीच दहावी द्यायची आहे, त्याने तयारी बकरीदच्या सुट्टीपासून धरावी, शाबानची वाट बघू नये.

तिसरी वाट, सनदेवर सरळ विद्यापीठ. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने मदरशाच्या फारिग मुलांसाठी २०१३ मध्ये एक वर्षाचा ब्रिज कोर्स सुरू केला. इंग्रजी, समाजशास्त्र वगैरे शिकवून मुलाला पदवीच्या वर्गासाठी तयार करतात. हैदराबादची मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, म्हणजे मानू, ठरावीक मदरशांच्या सनदा प्रवेशासाठी मानते. तिचं एक शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय औरंगाबादलाही आहे. पण दोन सावधगिरी. आपल्या मदरशाचं नाव त्या विद्यापीठाच्या यादीत आहे का, हे आधी बघा. आणि ही समकक्षता त्या विद्यापीठाच्या प्रवेशापुरती असते. उद्या महाराष्ट्रात नोकरीच्या अर्जात दहावी-बारावीचं मार्कशीट मागितलं, तर ती यादी दाखवून भागत नाही. म्हणून अलीगढ किंवा मानूला जायचं असलं तरी दहावी-बारावी करून ठेवणं केव्हाही बरं.

बारावीनंतर दारं उघडी आहेत. पूर्णेतच श्री गुरु बुद्धिस्वामी महाविद्यालय आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेलं. मशिदीत इमामत करत करत बी.ए. करायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

आणि एक इशारा. 'घरबसल्या दहावी-बारावी', 'एका महिन्यात बी.ए.' असं सांगणारे एजंट फिरतात. आलिमच्या सनदेवर डायरेक्ट डिग्री काढून देतो म्हणतात. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी दरवर्षी जाहीर करते, ती बघितल्याशिवाय कोणालाही पैसा देऊ नका.

कागद आधी जुळवा

सगळ्यात जास्त मुलं अभ्यासात नाही, कागदात अडकतात. मुलाला चौथी-पाचवीतून काढून मदरशात पाठवलं, टीसी शाळेतच राहिली किंवा घर बदलताना हरवली. शाळेत नाव 'शेख मोहम्मद', आधारवर 'मोहम्मद शेख', सनदेवर 'मुहम्मद' आणि पुढे अब्बांचं नाव. जन्मतारीख शाळेत एक, आधारवर दुसरी. सात वर्षांनी फॉर्म भरायला बसलं की हे सगळं एकदम समोर येतं.

म्हणून मदरशात दाखल करतानाच चार कागद एका फाइलमध्ये ठेवा: जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या इयत्तेचं मार्कशीट, आधार. चारही कागदांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी. मदरशाच्या दफ्तरातही तेच स्पेलिंग लिहून घ्या, म्हणजे सनदेवर तेच येईल.

दुसरी गोष्ट भाषेची. आठ वर्षं गुजरात-यूपीत राहून आलेल्या मुलाची मराठी सुटते. बोलायला येते, वाचायला अडखळते. तलाठ्याकडे, तहसीलमध्ये, पंचायत समितीत फॉर्म मराठीत असतात. गावातले हिंदू-बौद्ध शेजारी मराठी वाचतात. आपला दीन त्यांना समजावून सांगायचा असेल, गैरसमज दूर करायचे असतील, तर मौलाना साहेबांना चांगली मराठी यायलाच हवी. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला रोज अर्धा तास मराठी पेपर वाचायला लावा. त्याला खर्च नाही.

मुलींचं काय

आलिमाचा कोर्स करणाऱ्या मुली आपल्या भागात वाढल्या आहेत. मालेगावच्या जामियतुस्सालिहातचं नाव तर घराघरात माहीत आहे. पुष्कळ मुली उर्दू शाळेतून दहावी करूनच आलिमाकडे वळतात. अशा मुलीचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. तिथे थांबवू नका. आलिमा करता करता बारावीचा फॉर्म भरा. पुढे डी.एड. केलं तर तिला घराजवळच्या शाळेत शिकवता येईल. ज्या मुलीची दहावी आधीच सुटली, तिलाही १७ नंबरचा फॉर्म आणि मुक्त शाळा तशीच खुली आहे. निकाह ठरला म्हणून मार्कशीट अर्धवट राहू नये, एवढी काळजी घरच्यांनी घ्यावी.

उलमांचं म्हणणंही ऐकू या

काही उस्ताद म्हणतात, मदरसा नोकरीसाठी नाहीच. तो दीनचा रक्षक तयार करायला आहे. दोन ओझी एकदम दिली तर मुलगा ना इकडचा राहील ना तिकडचा. हे म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. दौऱ्याच्या वर्षात मुलाला खरोखर श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून आमचं म्हणणं असं की दहावी पहिल्या तीन-चार वर्षांत, अरबीच्या सुरुवातीच्या जमातींत, काढून घ्यावी. शेवटची वर्षं पूर्ण किताबांना द्यावीत.

आणि हे जमतं, याचा मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम उभी केली. एकाच आवारात हिफ्जचे वर्ग, आलिमियत आणि त्याबरोबर आयटीआय, फार्मसी, इंजिनिअरिंग. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ त्यांच्या संस्थेचं मेडिकल कॉलेजही उभं राहिलं. २०११ मध्ये ते काही महिने दारुल उलूम देवबंदचे मोहतमिमही होते. मे २०२५ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या मतांवर वाद झाले, पण कुरआन आणि कॉलेज एका कुंपणात राहू शकतात हे त्यांनी करून दाखवलं.

आपल्या सगळ्यांचं काम

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फार तर ३ ते ४ टक्के मुलं मदरशात जातात. म्हणजे आकडा छोटा आहे. पूर्णेसारख्या गावात एका वर्षी फारिग होणारी मुलं बोटांवर मोजता येतील एवढी. त्यांची जबाबदारी घेणं हे आपल्या आवाक्याबाहेरचं काम नाही. दस्तारबंदीच्या जलशाला जो खर्च होतो, त्याच्या थोड्या भागात एका मुलाची परीक्षा फी आणि पुस्तकं येतात. मोहल्ल्यातला एखादा रिटायर्ड मास्तर आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवायला तयार झाला, मशीद कमिटीने एक खोली दिली, एवढं पुरे आहे.

फारिग होऊन आलेल्या मुलाला 'आता पुढे काय' असा टोमणा मारण्याआधी त्याच्यासोबत बसा. त्याची फाइल उघडा. टीसी आहे का बघा. नसेल तर त्याला घेऊन त्याच्या जुन्या शाळेत जा आणि डुप्लिकेटचा अर्ज द्या. यंदाच्या शव्वालमध्ये जे घर नवा मुलगा मदरशात पाठवणार आहे, त्यांनी हे काम त्याची पेटी भरायच्या आधी करावं. अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो, आणि त्यांच्या वाटेतल्या ज्या अडचणी आपल्या हातात आहेत त्या दूर करायची आपल्याला तौफीक देवो. आमीन.